बापाच्या नावाचा रकाना

ठकुबाईचा भरवसा दिव्यावर होता. म्हणजे काचेखालच्या दिव्यावर. यशवंतपूरच्या पलीकडे रेशमाच्या कारखान्यात ती कापड तपासायला बसे. टेबलावर दुधी काच, काचेखाली दिवा, आणि वरून हातभर हातभर सरकणारं रेशीम. ताणा तुटलेला असो, बाण्यात गाठ असो, की विणकराने थुंकी लावून पुसलेला डाग असो, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. खोट सापडली की त्या जागी काठाला लाल दोरा बांधायचा आणि पुढे सरकायचं. विणकर मागून तिला ‘पोलीस अक्का’ म्हणत. तिला ते माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

आठ तास असलं काम करणारी बाई घरी येऊन डोळे मिटून थोडीच बसणार? दूधवाल्याचं माप, धोब्याने बदललेली चादर, पाळकसाहेबांच्या प्रवचनातलं गेल्या वर्षीचंच उदाहरण, सगळं तिच्या काचेवरून जायचं.

माहेर बेळगावकडचं, सासरही तिकडचंच. दोन्ही घरं दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती, नावं मात्र जुनी राहिलेली. नवरा कल्लाप्पा यशवंतपूर स्टेशनात सांधेवाला होता. येणारी गाडी ज्या रुळावर घ्यायची तिकडचा खटका ओढायचा आणि हिरवं निशाण धरून उभं राहायचं. माणूस इतका कमी बोलणारा की भाजीत मीठ नसलं तर तिसऱ्या घासाला कळायचं, तेही त्याने नुसतं पाणी प्यायल्यावर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि रेल्वेच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरात दोघंच दोघं होती.

एकोणीसशे पन्नासच्या फेब्रुवारीत ठकुबाईच्या धाकट्या भावाचं, परसूचं, पत्र आलं. परसू बेळगावकडे एका लहानशा मिशन दवाखान्यात कंपाउंडर होता. तापाने पडलोय, दाजींना दोन दिवस पाठव, असं त्याने लिहिलं होतं. आई लवकर गेल्यामुळे परसूला ठकुबाईनेच कडेवर घेऊन वाढवलेलं. तिला स्वतःलाच जायचं होतं, पण कारखान्यात रजा मिळेना. कल्लाप्पा पास काढून गेला.

सहाव्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने तो परत आला तो काखेत गाठोडं घेऊन. गाठोडं रडत होतं.

“हे काय?”

“मुलगी आहे. अकरा दिवसांची.”

“ते दिसतंय मला. कुणाची?”

“आई बाळंतपणात गेली. गंगव्वा नावाची बाई होती.”

“आणि बाप?”

कल्लाप्पाने गाठोडं तिच्या हातात दिलं. “आधी दूध तापव,” तो म्हणाला. “बाकी विचारू नको. मी शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“मरणाऱ्या बाईला.”

आता सांगा, कुठली मरणारी बाई यशवंतपूरच्या सांधेवाल्याला बोलावून त्याच्याकडून शब्द घेते? ओळखपाळख नसताना? ठकुबाईने दूध तापवलं. कापसाचा बोळा भिजवून एकेक थेंब त्या इवल्या तोंडात सोडला. थेंब सोडताना पोरीचं नाक निरखलं, कान निरखले, आणि मान वर करून नवऱ्याचं नाक निरखलं. तिथून जे सुरू झालं ते सतरा वर्षं चाललं.

मुलीचं नाव कल्लाप्पाने आगगाडीतच ठरवून टाकलं होतं, एस्तेर. ठकुबाई शास्त्र वाचणारी होती. आईबाप नसलेल्या एस्तेरला मर्दखयाने पोटच्या मुलीसारखं वाढवलं, हे तिला ठाऊक होतं. पण मर्दखय काही रस्त्यावरचा माणूस नव्हता, एस्तेरच्या नात्यातला होता, हेही तिला ठाऊक होतं. नावातच कबुली आहे, ती मनाशी म्हणाली.

मराठी ख्रिस्ती मंडळी बेंगळुरात मूठभर. कॅन्टोन्मेंटात एका तमिळ मंडळीचं देऊळ, म्हणजे चर्च, होतं. तिथे त्यांची उपासना आटोपली की दुपारी तीनला मराठी उपासना भरे. एस्तेरचा बाप्तिस्मा तिथेच झाला. पाळकसाहेबांनी मोठी वही उघडली आणि टाक बुडवून विचारलं, “पित्याचं नाव?”

“कल्लाप्पा,” कल्लाप्पा म्हणाला. घसा खाकरला नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही.

“मातेचं नाव?”

यावर मात्र त्याने बायकोकडे पाहिलं. मूल तिच्या मांडीवर होतं, तिचं बोट घट्ट धरून. “ठकुबाई लिहा,” ती म्हणाली.

बाहेर आल्यावर ती फणकारली. “किती सहज सांगितलंत!”

“मग काय सांगायचं होतं?”

“खरं सांगायचं.”

“तेच सांगितलं.”

हे वाक्य ठकुबाईने पुढे कितीतरी वर्षं उलटसुलट करून पाहिलं. ते खरं असेल, तर मूल याचं. खोटं असेल, तर देवासमोर खोटं बोलणारा हा माणूस उद्या आपल्याशी काय खरं बोलणार? कुठूनही धरलं तरी कापड फाटकंच.

उन्हाळ्यात परसू आला. ताप उतरला होता, पण चेहरा ओढलेला होता. पाळण्याकडे त्याने एकदाच पाहिलं. ठकुबाईने त्याला ताट वाढून समोर बसवलं.

“परसू, तू तिथे होतास. खरं सांग. ही मुलगी कुणाची?”

परसूने डोळे खाली घातले. “अक्का, दाजींनाच विचार.”

“दाजी दगड आहेत. तू सांग.”

“मी काय बोलू? पुरुषमाणसाच्या हातून कधी... तू मनाला लावून घेऊ नको. प्रभूने आपल्याला क्षमा करायला शिकवलंय.”

झालं. आता आणखी काय पुरावा हवा होता? त्याने भातावर ताक मागितलं, तिने वाढलं, आणि धाकट्या भावाला असली लाजिरवाणी गोष्ट आपल्यापाशी बोलावी लागली याचंच तिला वाईट वाटलं.

ती नवऱ्याला सोडून गेली नाही. भांडली, पण त्यातही मजा नव्हती, कारण समोरून उत्तरच यायचं नाही. आणि एस्तेर तर तिच्या पदराला धरून चालायला लागली होती. तिला सोडून कुठे जाणार? माया आणि संशय एकाच चुलीवर शिजत राहिले. पोरीच्या वेण्या घालताना ती केसांचा भोवरा बघे. रात्रीची पाळी करून कल्लाप्पा दुपारी पडला असला की त्याच्या पायाशी जाऊन बसे. एस्तेरच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब होतं. कल्लाप्पाचं तसं नव्हतं. मग ते त्या गंगव्वाचं असेल, ठकुबाई ठरवून टाकी, आणि पुढच्या अवयवाकडे वळे.

शेजारच्या क्वार्टरात अंबुबाई राहायची. तीनशे वर्षांपूर्वी इकडे येऊन राहिलेल्या मराठ्यांच्या घरातली, निम्मं मराठी आणि निम्मं कन्नड बोलणारी, जिभेला हाड नसलेली.

“अक्का, स्वल्प साखर दे गं,” म्हणून ती आत यायची आणि तासभर हलायची नाही. एकदा एस्तेर शाळेतून तणतणत आली, पाटी आपटली. अंबुबाई हसायलाच लागली. “बघ बघ! कपाळाला आठी घालते ती बघ! सरी, बरोबर तुझीच छाप. मला उगीच सांगू नको हं, कुठून आणली म्हणून. पोटात लपवून ठेवली होतीस नऊ वर्षं.”

“रोज माझं तोंड बघते, तेच उचलते,” ठकुबाई म्हणाली. मनात म्हणाली, टोमणा मारते मेली.

डिसेंबर आला की कल्लाप्पाला एक खोड होती. घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत तो शुभवर्तमानाची सुरुवात वाचायचा. प्रभूची सगळी वंशावळ. अब्राहामापासून एकेक नाव अडखळत अडखळत, कारण वाचायला तो प्रौढपणी शिकला होता. एस्तेर आठ वर्षांची होती त्या साली ठकुबाईचा संयम संपला.

“ही एवढी चाळीस नावं कशाला वाचता दरवर्षी?”

“लिहिलीत म्हणून.”

“अहो, पण कुणाची आहेत? अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका झाला, असं करत करत येऊन पोचतात मरियेच्या नवऱ्यापाशी, योसेफापाशी. आणि योसेफाचा तर त्या मुलाशी काही संबंधच नाही! मग खानदान योसेफाचं कशाला सांगायचं?”

एस्तेर आईकडे आणि बापाकडे आळीपाळीने बघत होती. कल्लाप्पाने ओळीवर बोट तसंच ठेवलं. म्हणाला, “नाव त्यालाच ठेवायला सांगितलं होतं.”

“कुणी?”

“देवदूताने. मुलाचं नाव तू ठेव म्हणाला. मरियेला नाही, त्याला. नाव ठेवलं की बाप झाला.”

“हो, पण त्याला निदान देवदूत तरी आला!” ठकुबाई उसळली. “मरियेवर संशय आला तेव्हा स्वप्नात येऊन कुणीतरी नीट उलगडून सांगितलं त्याला. मग ठेवला विश्वास. त्यात काय मोठंसं? मला कुणाचं स्वप्न पडलं? आठ वर्षं झाली, मी रोज झोपते, एक देवदूत फिरकला नाही.”

“आई, तुला कशाचा संशय आहे?” एस्तेरने विचारलं.

“काही नाही. आमेन म्हण आणि ताटं घे.”

मुलगी पोटची नाही हे एस्तेरला लहानपणापासून सांगितलेलं होतं. ते लपवायची ठकुबाईची जात नव्हती. आई देवाघरी गेली, अप्पांनी तुला आणलं, मी वाढवलं, एवढं. बापाविषयी एस्तेरने एकदाच विचारलं होतं. तेव्हा ठकुबाई म्हणाली होती, “ते तुझ्या अप्पांना ठाऊक,” आणि ते म्हणताना तिचा आवाज असा काही निघाला होता की पोरीने पुन्हा विचारलं नाही.

परसू मात्र मोठा होत गेला. दवाखाना सोडून तो प्रचारक झाला. देखणा, पांढरा स्वच्छ झब्बा, आणि आवाज असा की मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्याही डोळे पुसायच्या. दरवर्षी ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात बेंगळूरच्या मराठी मंडळीत त्याची प्रवचनं व्हायची. एकदा तो घर सोडून गेलेल्या मुलाच्या बापावर बोलला. मुलगा दूर असतानाच बापाने त्याला ओळखलं, धावत गेला, गळ्यात पडला. “हा पिता! दारात उभा राहून वाट पाहणारा!” परसूचा आवाज कापला. ठकुबाईचा पदर ओला झाला. मागे वळून बघते तो कल्लाप्पा जागेवर नाही. आवारातल्या चिंचेखाली एस्तेरच्या चपलेचा तुटलेला अंगठा तारेने बांधत बसलेला.

“प्रवचन सोडून?” ती घरी येताना म्हणाली.

“चप्पल तुटली होती.”

मन खातंय याला, बसवत नाही प्रवचनाला, असं ठकुबाईने पक्कं ठरवलं.

आता एकोणीसशे सदुसष्ट. परसूचा मुलगा शमुवेल बाविशीचा. हुबळीला शाळेत नोकरी लागलेली, आणि सहा महिन्यांच्या शिक्षणासाठी बेंगळुरात आलेला. रविवारी जेवायला आत्याकडे. मुलगा सरळ, हसरा, जेवला की आपलं ताट आपण घासणारा. एस्तेर टायपिंग शिकत होती. दोघं मागच्या नळावर भांडी विसळताना इतकी हसायची की अंबुबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, “अक्का, मुहूर्त बघ गं लवकर, नाहीतर माझी भिंत पडेल हसून.”

ठकुबाईच्या डोक्यात ते आधीच आलं होतं. भावाचा मुलगा आणि आपली मुलगी. त्यांच्याकडे बेळगावपासून धारवाडपर्यंत, ख्रिस्ती झाल्यावरसुद्धा, मामाच्या घरात मुलगी देणं म्हणजे सगळ्यांत चांगलं लग्न. मुलगी परक्याकडे जात नाही. आणि खरं कारण तिच्या मनात वेगळंच होतं. या लग्नाने एस्तेर तिच्या रक्ताच्या घरात जाणार होती. कल्लाप्पाने कुठूनही आणलेली असो, आता ती आपली होणार.

ईस्टरच्या आठवड्यासाठी परसू आला होता. रविवारी जेवताना तिने सांगूनच टाकलं. मुलं मागे नळावर होती.

“परसू, शमुवेलला माझी एस्तेर करून घे.”

परसूचा घास हातातच राहिला. आणि कल्लाप्पा, ज्याला मिठाचं सांगायला तीन घास लागत, तो ताबडतोब म्हणाला, “नाही.”

“का नाही?”

“लहान आहे पोर.”

“सतरा संपली. लहान कसली?”

परसूला आवाज सापडला. “तसं नव्हे अक्का. इतक्या जवळच्या नात्यात आता कुणी करत नाही. आणि मी प्रभूचा सेवक, लोक माझ्याकडे बघतात...”

“तू मामाची मुलगी केलीस ना? मी स्वतः अक्षता... काय ते, फुलं टाकली तुझ्यावर! तेव्हा लोक कुठे बघत होते? याकोबाने तर मामाच्या दोन केल्या. एक नाही, दोन!”

“ते जुन्या करारातलं, अक्का.”

“आणि तू काय नव्या करारातला आहेस?”

परसू हसला, पण कपाळावर घाम होता. ठकुबाईला वाटलं, कळलं. बेवारस पोर नको याला. तोंडाने पिता पिता करतो, आणि घरात घ्यायची वेळ आली की कूळ बघतो. लाडक्या भावावर तिला आयुष्यात पहिल्यांदा राग आला.

“ठीक आहे,” ती म्हणाली. “बुधवारी मी पाळकांना कागद भरून देते. पुढच्या रविवारी पहिली घोषणा. ज्याला हरकत असेल त्याने देवळात सगळ्यांसमोर उभं राहून सांगावी.”

लग्नाआधी तीन रविवार देवळात वधूवरांची नावं वाचतात आणि मंडळीला विचारतात, कुणाची हरकत आहे का. ती रीतच आहे. कल्लाप्पा ताटावरून उठला. भात तसाच.

बुधवारी कारखान्यातून ती परस्पर देवळात गेली. पाळक यायचे होते. मागच्या खोलीत टेबलावर त्यांनी कोरा कागद काढून ठेवला होता. चपला दाराशी काढून ठकुबाई आत बसली. कागदावर वराचं नाव, वराच्या पित्याचं नाव, वधूचं नाव, वधूच्या पित्याचं नाव. तिने लेखणी उचलली आणि भिंतीकडे तिची नजर गेली. तिथे चौकटीत एक जुना तक्ता होता, कोणत्या नात्यांत लग्न होत नाही त्याचा. इतकी वर्षं त्या खोलीत येऊन तिने तो वाचला नव्हता. आता उठून वाचला, कापडावरून बोट फिरवावं तसं एकेका ओळीवरून बोट फिरवत. मामा, आत्या, सून, सावत्र आई. मामेभाऊ कुठेच नव्हता. हरकत नाहीच.

मग ते दोघे नाही का म्हणाले?

ठकुबाई खाली बसली आणि तिने ती गोष्ट काचेवर घेतली. समजा, मुलगी कल्लाप्पाची आणि त्या गंगव्वाची. मग तिचा परसूच्या घराशी रक्ताचा काडीचा संबंध नाही, लग्नाला अडचण नाही. उलट कल्लाप्पाने सुटकेचा श्वास टाकला असता. समजा, मुलगी भलत्याच कुणाची. तरी अडचण नाही. परसूला कूळ नको म्हणावं, तर कल्लाप्पाने त्याच्याही आधी नाही का म्हटलं? ज्याने नाव दिलं, वाढवलं, तो एवढं चांगलं स्थळ का मोडेल? तिने पुन्हा तक्त्याकडे पाहिलं. वरून पाचव्या ओळीत लिहिलं होतं, बहीण आणि भाऊ, मग बाप एक असो की आई एक असो.

देवळाची फरशी पायांना गार लागत होती. ठकुबाईने खाली पाहिलं. तिच्या स्वतःच्या पायाचं दुसरं बोट अंगठ्याहून लांब होतं. तिच्या आईचंही तसंच होतं. कडेवर घेऊन फिरवलेल्या परसूचे पाय तर तिने हजारदा धुतले होते. जगाचे पाय तपासले आणि आपले तेवढे राहिले.

पाळक आत आले. “झाला का भरून?”

“नाही,” ठकुबाई म्हणाली. “खोट सापडली.” आणि कोरा कागद घडी करून घेऊन गेली.

घरी परसू खाटेवर बसून रविवारचं प्रवचन लिहीत होता. एस्तेर टायपिंगला गेली होती, कल्लाप्पा कामावर. ठकुबाईने कागद त्याच्या वहीवर ठेवला. बोट ठेवलं वधूच्या पित्याच्या रकान्यावर.

“इथे नाव घाल.”

“अक्का, दाजींचं...”

“दाजींचं नाव सतरा वर्षांपूर्वी घालून झालंय. मी तुला विचारते.”

परसू रडायला लागला, आणि रडायचासुद्धा तो छान. “अक्का, तरुण वय होतं... शमुवेल तेव्हा पाच वर्षांचा... ती दवाखान्यात आया होती. मी प्रभूपाशी रोज...”

“प्रभूचं प्रभू बघेल. तू माझ्याशी बोल. ताप आला होता का तुला?”

“नाही.”

“दाजींना बोलावलंस कशाला?”

“पोर अनाथाश्रमात ठेवायची होती. एकट्याने नेली असती तर लोकांनी ओळखलं असतं. दाजी गंगव्वाला बघायला गेले, आणि तिने त्यांचा हात धरला. पोरीला कुणी टाकलेली म्हणणार नाही, असं त्यांच्याकडून वदवून घेतलं. मग ते ऐकेचनात.”

“आणि मला म्हणालास, दाजींना विचार.”

“मी खोटं बोललो नाही, अक्का.”

“नाही. तू नुसते डोळे खाली घातलेस. आणि वरून ताक मागितलंस.”

त्याने तिचे पाय धरायला हात पुढे केला. ठकुबाई मागे सरली. “शमुवेलला तू सांगायचंस. आजच, त्याच्या खोलीवर जाऊन. तोंड फुटत नसेल तर मी येते बरोबर. आणि रविवारी बापावर बोलायचं नाही. या देवळात पुन्हा बोलायचं नाही.”

परसू पिशवी उचलून गेला. भाऊ रस्त्याच्या वळणावर दिसेनासा होईतो दारात उभं राहायची तिची सवय होती. त्या दिवशी ती राहिली नाही.

ती सरळ यार्डात गेली. कल्लाप्पा खटक्यापाशी उभा होता. तिला बघून त्याने नुसता हात वर केला. तुमकूरकडची गाडी येत होती, खटका धरलेला होता. सगळे डबे खडखडत जाईपर्यंत ती खडीवर उभी राहिली. मोजून चौदा डबे.

“परसूने सांगितलं,” ती म्हणाली.

कल्लाप्पाने निशाण गुंडाळलं. “हं.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर काय केलं असतंस?”

“त्याच्या दवाखान्यात जाऊन सगळ्यांसमोर त्याच्या...”

“तेच,” कल्लाप्पा म्हणाला. “मग पोरीला सगळ्यांनी काय म्हटलं असतं?”

“सतरा वर्षं मी तुम्हाला चोर समजले.”

“माहीत होतं.”

“आणि तुम्ही समजू दिलंत!”

“तू दूध तापवत होतीस. मला चोर समजून तापवत होतीस, तरी तापवत होतीस. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय.”

“बरं चाललंय?” तिचा आवाज इतका चढला की पलीकडे रुळाचे बोल्ट आवळणारा माणूस थांबून बघायला लागला. “योसेफालासुद्धा देवाने सांगितलं हो! देवाला वाटलं, नवऱ्याला अंधारात ठेवू नये. तुम्ही देवाहून शहाणे? माझ्या भावाची अब्रू राखलीत, त्या मेलेल्या बाईचा शब्द राखलात. माझं काय राखलंत?”

कल्लाप्पाने गुंडाळलेलं निशाण उलगडलं, पुन्हा गुंडाळलं. एवढ्या वर्षांत त्याने कधी न उच्चारलेला शब्द मग उच्चारला.

“चुकलं.”

ठकुबाईने नाक पदराने पुसलं. “डबा रिकामा आहे का? द्या इकडे.”

एस्तेरला तिने शनिवारी दुपारी सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. वाक्यं घोळवली नाहीत. गंगव्वा, दवाखाना, परसू, सगळं. शमुवेलला बुधवारीच कळलंय, तो हुबळीला परत गेलाय, हेही. सुपात खडे शोधायचे एस्तेरचे हात थांबले. ती रडली नाही.

“म्हणजे तू माझी आत्या.”

“हो.”

“आणि तो भाऊ.”

“हो.”

एस्तेरने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग म्हणाली, “म्हणजे या घरात सगळेच माझे कुणी ना कुणी आहेत. अप्पाच तेवढे कुणी नाहीत.”

ठकुबाईने सूप खाली ठेवलं. सतरा वर्षं ज्या रक्ताचा तिने माग काढला, ते त्या एकाच माणसात नव्हतं. कल्लाप्पाचंच उत्तर तिने उसनं घेतलं.

“तुझं नाव कुणी ठेवलं?”

“अप्पांनी.”

“मग? विचारतेस काय?”

दाराशी बूट वाजले. दुपारची पाळी संपवून कल्लाप्पा आला होता. रोज तो उंबऱ्यात थांबायचा, एस्तेर त्याच्या हातातली निशाणं घेऊन खुंटीला लावायची, मग तो बूट काढायचा. आजही तो थांबला. एस्तेर जागची हलली नाही. काचेखाली दिवा लागावा तसे ठकुबाईचे डोळे मुलीवर लागले.

एस्तेर उठली. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याचं नाक, कान, कपाळ, सगळं तिने एकदा नीट पाहिलं, थेट आईसारखं. कल्लाप्पाने पाहू दिलं. मग तिने निशाणं त्याच्या हातातून घेतली.

“अप्पा, बूट बाहेर. तांदूळ सांडलेत.”

ठकुबाईने दोन्ही बाजूंनी बघितलं. लाल दोरा बांधावा असं काही दिसलं नाही, तेव्हा तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं.